कागदाला जागा, कामाला धनी

व्यापारी कुटुंबात हिशेबाचे संस्कार लहानपणापासून होतात. रोजमेळ जुळल्याशिवाय पेढी बंद होत नाही आणि उधारीची वही कोणाच्या हाती द्यावयाची याचा विचार दोनदा होतो. परंतु हिशेब आणि दप्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक पेढ्यांवर ध्यानात घेतलेले नसते. कोणाकडून किती येणे आहे, हे हिशेब सांगतो. ते येणे वसूल करण्यासाठी लागणारे बिल, मालाची पोच, करार आणि पत्रव्यवहार कोठे आहे, हे दप्तर सांगते. खाते चोख आणि कपाट मात्र कोंबलेले, अशी स्थिती गुलमंडीवरील दुकानांत, जाधववाडीच्या मोंढ्यात आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांतही पुष्कळ ठिकाणी आढळते. कागद सापडला नाही, म्हणून पैसा बुडाला, असे उघडपणे कोणी सांगत नाही. तो तोटा खतावणीत वेगळा दिसतही नाही.

कार्यालयीन व्यवस्थापन हा मोठ्या कंपन्यांचा किंवा सरकारी कचेऱ्यांचा विषय आहे, अशी एक समजूत आहे. ती या मातीला तरी शोभणारी नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. यादवांच्या या राजधानीत तेराव्या शतकात महादेव व रामचंद्र या राजांच्या कारकिर्दीत हेमाद्री पंडित, म्हणजेच लोकांच्या तोंडचे हेमाडपंत, ‘श्रीकरणाधिप’ या पदावर होते. श्रीकरण म्हणजे राज्याचे लेखन-दप्तर आणि श्रीकरणाधिप म्हणजे त्या दप्तराचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा प्रचंड ग्रंथ त्यांच्या नावावर आहे. दगडी मंदिरांची एक शैली त्यांच्या नावाने ओळखली जाते. हात न उचलता झरझर लिहिता येणारी मोडी लिपी रूढ करण्याचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते. पत्र कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, याचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ही त्यांच्याच नावाने चालत आले आहे. या परंपरेतील प्रत्येक गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरो वा न उतरो, एक गोष्ट निश्चित आहे. लिहिणे, नोंदवणे आणि जपणे हे राज्य चालविण्याचे एक स्वतंत्र अंग आहे, आणि त्याला स्वतंत्र प्रमुख हवा, हे देवगिरीला साडेसातशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

आजच्या काळातले उदाहरणही शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखीना हे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. जिल्हाधिकारी कार्यालय म्हणजे धूळ खात पडलेल्या गठ्ठ्यांचे कोठार, हे चित्र त्यांनी पालटले. बसण्याची मांडणी बदलली, प्रत्येक मेजाचे काम लिहून निश्चित केले आणि जुन्या अभिलेखांची वर्गवारी करून नको असलेले कागद नियमाप्रमाणे नष्ट केले. पुढे ही पद्धत ‘लखीना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखली जाऊ लागली. त्यासाठी नवी इमारत किंवा अधिक नोकरवर्ग लागला नाही. लागली ती शिस्त.

महाराष्ट्राच्या सरकारी कचेऱ्यांत रुजलेली ‘सहा गठ्ठा पद्धत’ व्यापाऱ्याने अवश्य समजून घ्यावी. प्रत्येक कर्मचाऱ्याकडील कागद सहा गठ्ठ्यांत विभागलेले असतात. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांवर आपणास काम करावयाचे आहे अशी प्रलंबित प्रकरणे. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे आपले काम झाले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे अशी. तिसऱ्यात ठरावीक काळाने पाठवावयाची नियतकालिके. चौथ्यात वारंवार लागणारे स्थायी आदेश. पाचव्यात काम संपून अभिलेख कक्षात जावयाचे कागद आणि सहाव्यात नष्ट करावयाचे कागद. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा, ‘क-१’ वर्ग १० वर्षांचा, ‘क’ वर्ग ५ वर्षांचा आणि ‘ड’ वर्ग १ वर्षाचा.

हीच मांडणी पेढीवर आणून पाहावी. बिलात फरक आहे असे कळविणारे ग्राहकाचे पत्र आले, तर ते पहिल्या गठ्ठ्यात. विमा कंपनीकडे दावा पाठविला आणि उत्तर यावयाचे आहे, तर तो कागद दुसऱ्यात. जीएसटीची विवरणपत्रे, भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, बँकेचे स्टॉक स्टेटमेंट हे तिसऱ्यात. दुकान नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, खाद्यपदार्थांचा परवाना, बँकेचे मंजुरीपत्र, भाडेकरार यांच्या प्रती चौथ्यात. एवढी विभागणी केली तरी सकाळी पेढीवर बसणाऱ्यास दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. आज मला काय करावयाचे आहे आणि आज मला कोणाला आठवण द्यावयाची आहे? बहुतेक पेढ्यांवर हे दोन्ही प्रकारचे कागद एकाच ट्रेमध्ये असतात. त्यामुळे ज्या कामांत केवळ पाठपुरावा हवा, ती विस्मरणात जातात.

दप्तराचा पहिला नियम असा की, उंबरठा ओलांडून आत आलेल्या प्रत्येक कागदाची आवक वहीत एका ओळीची नोंद झाली पाहिजे. तारीख, कोणाकडून, विषय, कोणाकडे दिला आणि निकाल काय झाला, एवढे पाच रकाने पुरेत. बाहेर जाणाऱ्या पत्राची जावक वहीत तशीच नोंद हवी. ही वही लिहिण्यास दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटे लागतात. तिचे मोल मात्र वाद उद्भवला म्हणजे कळते. नोटीस आमच्याकडे आलीच नाही, असे म्हणणारा आणि ती अमुक तारखेला आली व अमुक तारखेला उत्तर गेले, असे दाखविणारा, यांच्या शब्दाला सारखे वजन नसते. आता बऱ्याच नोटिसा जीएसटीच्या पोर्टलवर आणि ई-मेलवर येतात. म्हणून ठरावीक दिवशी पोर्टल उघडून पाहणे आणि आलेल्या नोटिशीची आवक वहीत नोंद करणे, हेही त्याच नियमाचे अंग मानावे.

कोणता कागद किती काळ जपावा, याविषयी दोन टोके दिसतात. काही घरांत कागद फाडणे म्हणजे लक्ष्मीचा अपमान समजून आजोबांच्या काळातील मालवाहतुकीच्या पावत्याही सांभाळलेल्या असतात. काही ठिकाणी दिवाळीच्या साफसफाईत सारेच रद्दीवाल्याकडे जाते. कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. जीएसटी कायद्यानुसार हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे कागद, विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरल्यास, ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत जपावयाचे. अपील चालू असेल तर त्याचा निकाल लागून एक वर्ष होईपर्यंत त्या प्रकरणाचे कागद काढता येत नाहीत. प्राप्तिकराची मुदत आपल्या सनदी लेखापालांकडून लिहून घ्यावी आणि कपाटाच्या दारावर चिकटवावी. खरेदीखते, भागीदारीपत्रे, वाटणीपत्रे, कर्जफेडीचे दाखले आणि मृत्युपत्रे हा मात्र पेढीचा ‘अ’ वर्ग. त्याला मुदत नाही.

मराठवाड्यातील जमिनीच्या व्यवहारांत तर हे विशेष जाणवते. सात-बारा उतारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा जोड, हे बहुतेकांना माहीत असते. पण जुना हक्क सिद्ध करण्याची वेळ आली म्हणजे खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक शोधावे लागते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी धुंडाळल्या गेल्या, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज भासली, हे सर्वांनी पाहिले. पिढ्यांपूर्वी कोणा कारकुनाने लिहिलेली एक ओळ आजच्या माणसाचे भवितव्य ठरवू शकते. ज्यांच्या घरी मोडीतील जुने दस्त आहेत, त्यांनी जाणकाराकडून त्यांचे देवनागरीत वाचन करून मूळ कागदासोबत ठेवून द्यावे.

कागदाला जशी जागा, तसा कामाला धनी हवा. हेन्री फेयॉल या फ्रेंच व्यवस्थापकाचे नाव बारावी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. हा पंडित केवळ ग्रंथांत रमलेला नव्हता. एका खाण व पोलाद कंपनीची अवस्था बिकट असताना १८८८ मध्ये त्याने तिची सूत्रे हाती घेतली आणि तिला सावरले. त्या अनुभवातून त्याने १९१६ मध्ये व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. त्यांपैकी तीन पेढीवर रोज उपयोगी पडतात.

पहिले तत्त्व आदेशातील एकतेचे. एका नोकराला एकाच माणसाने हुकूम द्यावा. एकत्र कुटुंबाच्या पेढीवर हे सर्वांत अवघड जाते. मोठे बंधू दिवाणजींना बँकेत पाठवितात, धाकटे त्याच वेळी गोदामात बोलावतात आणि पुतण्या संगणकावरील काम पुढे करतो. दिवाणजी कोणालाच ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. तिन्ही कामे अर्धवट राहतात आणि ठपका दिवाणजींवर येतो. येथे दोष नोकराचा नसून रचनेचा आहे. बँक, कर, गोदाम आणि वसुली अशी चार खाती पाडून प्रत्येक खात्यावर घरातील एकाच व्यक्तीचा शब्द अंतिम, असे ठरविल्यास नोकरांचा गोंधळ थांबतो आणि भावाभावांतील अर्ध्या कुरबुरीही कमी होतात.

दुसरे तत्त्व अधिकार आणि जबाबदारी यांच्या तोलाचे. घरच्या सुनेने वाणिज्य शाखेची पदवी घेतली असते. जीएसटीचे काम तिच्याकडे सोपविले जाते. पण पुरवठादाराकडून चुकीचे बिल दुरुस्त करून मागविण्याचा अधिकार तिला नसतो. त्यासाठी प्रत्येक वेळी सासऱ्यांकडे जावे लागते. जबाबदारी दिली आणि अधिकार राखून ठेवला, तर चूक झाल्यावर दोषी धरण्यापुरतेच ते पद उरते. काम द्यावयाचे तर त्यापुरता अधिकारही द्यावा आणि तो सर्व नोकरांसमक्ष सांगावा.

तिसरे तत्त्व कार्यविभाजनाचे. बँकांनी या तत्त्वाला आणखी एक जोड दिली आहे. व्यवहार करणारा एक आणि तो तपासणारा दुसरा. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, त्या कोणी चोर आहे म्हणून नव्हे. चूक वेळीच पकडली जावी आणि प्रामाणिक माणसावर संशयाची सावली पडू नये, हा त्यामागील हेतू. पेढीवर जो रोकड स्वीकारतो त्यानेच बँकेचा ताळमेळ घालू नये. जो माल मागवितो त्यानेच माल मोजून घेऊ नये. ‘आमचे मुनीमजी तीस वर्षांचे आहेत, त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवावा?’ हा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो. तपासणी हा अविश्वास नव्हे. तीस वर्षांच्या निष्ठेचा पुरावाही तपासलेल्या वह्यांतूनच मिळतो.

आता वेळेविषयी. शासनाने विलंबास आळा घालण्यासाठी २००५ मध्ये कायदा केला आणि कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे त्यात घातले. व्यापाऱ्याला मात्र उशिराबद्दल दुसऱ्या कोणी शिक्षा करण्याची गरज नसते. ती आपोआप होते. वटवणुकीसाठी भरलेला धनादेश परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्यास १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. बँकेचा परत-मेमो टेबलाच्या खणात महिनाभर राहिला, तर हा मार्ग बहुधा बंद होतो. विकलेल्या मालाच्या येण्यासाठी दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केल्यास ती नव्याने सुरू होते. म्हणून वर्षाअखेरीस प्रत्येक मोठ्या उधारीवर बाकी-मान्यतेची सही घेणे, हे दप्तराचे काम आहे.

सूक्ष्म व लघु उत्पादकांकडून माल घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावयाचे. लेखी करार नसेल तर मुदत अवघी १५ दिवसांची. ती चुकल्यास तो खर्च प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरला जातो. एका पानाचा करार कपाटात असणे आणि नसणे, यात तीस दिवसांचा फरक आहे.

बँकेचे कॅश क्रेडिट खाते असेल, तर हा विषय अधिकच गंभीर होतो. तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटच्या आधारे काढलेली उचल अनियमित समजली जाते आणि अशी अनियमितता सलग ९० दिवस राहिली तर खाते थकीत वर्गात जाऊ शकते. मर्यादेचे नूतनीकरण ठरल्या तारखेपासून १८० दिवसांत झाले नाही, तरी तोच परिणाम. विक्री जोरात, माल भरपूर आणि तरीही केवळ एक कागद वेळेवर न गेल्याने पेढीची पत ढळते. पिढ्यांनी कमावलेली पत अशी जाऊ देणे परवडणारे नाही.

यावर उपाय नियतकालिक नोंदवहीचा. एका मोठ्या वहीत महिन्याच्या तारखा लिहाव्यात. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१, १५ला भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा, २०ला जीएसटीआर-३बी. ज्यांची विवरणपत्रे तिमाही आहेत त्यांनी आपल्या तारखा घालाव्यात. त्याखाली वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टी येतील. विमा, मालमत्ता कर, परवाने, वजन-काट्यांची पडताळणी, मर्यादेचे नूतनीकरण. प्रत्येक तारखेपुढे करणाऱ्याचे नाव आणि काम झाल्यावर सही. कर सल्लागार हे सारे पाहतात, हे खरे. पण सल्लागाराकडे कागद वेळेवर पोहोचविण्याची जबाबदारी पेढीचीच असते आणि दंडाची पावती पेढीच्याच नावाने फाटते.

संगणक आणि मोबाईल यांनी काम सोपे केले, पण दप्तराचे नियम रद्द केले नाहीत. पूर्वी कागद कपाटात हरवत. आता ते मोबाईलमध्ये हरवतात. एक ऑर्डर काकांच्या व्हॉट्सॲपवर, दुसरी मुलाच्या, दराची चौकशी जुन्या ई-मेलवर, आणि हिशेबाचा पासवर्ड एकट्या दिवाणजींना ठाऊक. यावर तीन पथ्ये पुरेशी आहेत. पेढीचा एकच क्रमांक व एकच ई-मेल ठेवावा आणि ते कोणाच्या खासगी मालकीचे नसावेत. हिशेबाची प्रत दर आठवड्यास दुसऱ्या जागी ठेवावी. पासवर्डांची यादी बंद पाकिटात घरच्या तिजोरीत असावी आणि बदल झाला की पाकीटही बदलावे.

हे सर्व कशासाठी, याचे उत्तर बाजारात नाही, घरात आहे. घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला, तर बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत कोणी विचारीत नाही. त्यानंतर एकेक जण दाराशी येतो. बँक मंजुरीपत्र मागते, भाडेकरी करार दाखवितो, कोणी हातउसने दिल्याचे सांगतो, आणि ज्यांचे देणे आहे ते गप्प राहतात. पत्नीला लॉकर कोणत्या शाखेत आहे हे माहीत नसते. मुलाला विम्याची पॉलिसी सापडत नाही. बँकेत नाव लावलेला वारस-नामनिर्देशित हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, संपूर्ण मालक नव्हे, हे कळल्यावर भावंडांत नवा वाद उभा राहतो. दुःखात भर पडते ती पैशाच्या अभावाने नव्हे, माहितीच्या अभावाने. खाती, लॉकर, विमा, ठेवी, देणी-घेणी, करार आणि मृत्युपत्र यांची दोन पानांची यादी तयार करून पती-पत्नी दोघांनी वर्षातून एकदा एकत्र वाचावी. सरकारी कचेरीत कारकून बदलला तर नवा कारकून फाईल वाचून काम पुढे नेतो. घराला तेवढीही सोय का असू नये?

आरंभ मोठा करण्याची गरज नाही. येत्या दीपावलीस वहीपूजन होईल, तेव्हा रोजमेळ व खतावणीच्या शेजारी आवक-जावक वही आणि नियतकालिक नोंदवही अशा दोन नव्या वह्याही पाटावर ठेवाव्यात. पहिल्या महिन्यात फक्त नोंदी कराव्यात. दुसऱ्या महिन्यात चालू कागदांचे सहा गठ्ठे करावेत. तिसऱ्या महिन्यात जुने कपाट उघडावे, दर रविवारी एक खण. सहा महिन्यांत बहुतेक पेढ्यांचे दप्तर मार्गी लागेल.

दप्तर नीट लागले की नाही, याची कसोटी बँकांच्या एका नियमात आहे. संवेदनशील जागी काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास वर्षातून किमान १० कामकाजाचे दिवस सलग रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. रजा पूर्वसूचनेशिवाय दिली जाते, कारण माणूस दूर असताना काम चालते का आणि काही लपलेले वर येते का, हे तेव्हाच दिसते. पेढीच्या मालकानेही वर्षातून एकदा सहकुटुंब शिखरजीच्या यात्रेस दहा दिवसांसाठी जावे आणि मोबाईल पुत्राच्या हाती सोपवावा. परतल्यावर नियतकालिक नोंदवहीत दहाही दिवसांच्या सह्या जागेवर असतील, तर दप्तर लागले असे समजावे. ज्या रकान्यात सही नसेल, त्या कामाला अद्याप धनी मिळालेला नाही. पुढचे काम तेथून सुरू करावे.